गाडी बंद पडली? तीन दगड, एक डहाळा, बास!

गाडी बंद पडणं कुणाच्या हातात नसतं. ती कुठं उभी करायची हे मात्र आपल्या हातात असतं, आणि या बाबतीत कोल्हापूरकरानं मागं हटायचं नाही. इंजिनानं मान टाकली तरी गाडीत थोडा वेग उरतो. त्या वेगात डावीकडं साईडपट्टीवर उतरायचा मोह होईल. आवरा. साईडपट्टी रसवाल्याची आणि कणीसवाल्याची. तुम्ही टॅक्स भरलाय तो डांबराचा. भर रस्त्यात, जमल्यास वळण संपता संपता उभं राहा. करूळ घाटात तर वळणं हवी तेवढी.

नव्या गाडीच्या डिकीत एक लाल चकाकणारा त्रिकोण मिळतो. तो गाडीमागं निदान पन्नासेक पावलांवर उभा करायचा असतो. भलतंच. स्टेपनीशेजारी प्लास्टिकच्या पिशवीसकट जपा, गाडी विकताना ‘वस्तू कंपनीची, हात नाही लावलेला’ म्हणता येतं.

चारी इंडिकेटर एकदम लावायचं बटण दोन कामांसाठी. एक, तावडे हॉटेलच्या चौकात ‘मी सरळ निघालोय’ हे जगाला कळवायला. दोन, आंबा घाटातल्या धुक्यात चालत्या गाडीत, म्हणजे तुम्ही वळणार आहात का थांबणार आहात याचा मागच्याला पत्ता लागू नये. गाडी खरंच बंद पडली की मात्र लगेच बंद करा. बॅटरी उतरते.

रेडिएटर उकळला तर झाकण तिथल्या तिथं उघडा, आणि वाकून बघा.

पंक्चर उजव्या चाकाचं असेल तर पाय रस्त्यात पसरून निवांत बसा. पोरांना कठड्यापलीकडं वगैरे पाठवू नका. गाडीच्या मागं, टेललाईट झाकेल असं उभं करा, मोबाईलची बॅटरी धरायला. वहिनींनी दुभाजकावर डबा सोडावा.

महामार्गावर असाल तर १०३३ या महामार्ग मदत क्रमांकाला चुकूनही फोन लावायचा नाही. मेव्हण्याच्या ओळखीचा उचगावचा फिटर जेवण करून निघतोच आहे.

पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी महामार्गावर आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं, की गाडी घालून बघायचीच. बंद पडली तर सेल्फ मारत राहा. इंजिनात पाणी ओढलं गेलं की रॉड वाकतो आणि गॅरेजवाल्याच्या पोराची वर्षाची फी निघते.

आता ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आणि मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या आहेत, त्यांना सल्ला द्यायची माझी लायकी नाही. ते या शास्त्राचे जनक. एक्सल मोडला की पिन काढायची, ट्रॅक्टर घेऊन गावात जायचं, ट्रॉली तिथंच. चाकाला तीन दगड, मागं निलगिरीचा एक डहाळा. रात्र काळी, डहाळा काळा, ट्रॉली काळी. कसं एकरंगी दिसतं!

गेल्या आठवड्यात रात्री कळ्याहून कोल्हापूरला येताना असंच एक प्रदर्शन भेटलं. समोरनं ट्रक, हेडलाईट अर्थातच अप्परवर. तो गेला, डोळे सावरतायत तोवर पुढ्यात उसाची भिंत. ब्रेक दाबला, मागं बसलेल्या आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. आमच्या मागचा दुचाकीवाला शेजारनं खड्ड्यात उतरला. पडला नाही, त्याचं नशीब. ट्रॉलीपलीकडं शेकोटी करून दोघं बसलेले. म्हटलं, अहो, मागं काहीतरी लावा की.

“लावलाय की पाव्हणं, डहाळा.”

रिफ्लेक्टर?

“हुता. मागल्या हंगामात फोटोपुरता लावला हुता. पडला कुठंतर.”

फिटर कधी येणार?

“सकाळी.”

ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दिसून, डोक्यात शिरून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद. मग थांबायला आणखी वीसेक मीटर, तेही रस्ता कोरडा असेल तर. हंगामात शेतातला चिखल आणि पाला रस्त्यावरच असतो. डिपरचा उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटर. करा हिशेब, आणि त्यात ट्रकवाल्याचा अप्पर धरा.

बरं, सकाळी एक्सल बसतो, ट्रॉली जाते. दगड? दगड तिथंच. कुणीतरी मागनं येणारा आहेच की स्कूटरवर, पोरीला पुढं उभं करून.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२. रस्त्यात धोका होईल अशी गाडी किंवा ट्रॉली सोडून जायची नाही, असं स्पष्ट लिहिलंय. वाचून दाखवू का शेकोटीपाशी?

अरे, एक्सल मोडला हा तुमचा दोष नाही, कबूल. ऊस वाळतोय, मुकादम शिव्या देतोय, तेही कबूल. पण दगड उचलायला कुठला फिटर लागतो? ट्रॅक्टरवर डबडं असं वाजवता की तीन गावांची झोप उडते, त्याला बॅटरी पुरते आणि मागं एक लाल दिवा लावायला पुरत नाही? एका मिसळीच्या पैशात रेडियमची पट्टी येते. तो दुचाकीवाला त्या रात्री आत घुसला असता, तर दोष त्याच्याच वेगाचा निघाला असता आणि तुम्ही शेकोटीवरनं उठून फक्त बघितलं असतं. आणि गाडीवाल्यांनो, तुम्ही कशाला हसताय? त्रिकोण अजून पिशवीतच आहे ना? काढा आधी तो बाहेर. आणि ट्रॉलीवाल्या, दोन माणसं होता तिथं. एकानं मोबाईलचा उजेड धरून मागं पन्नास पावलांवर उभं राहायला काय झालं होतं?