बी.बी.चे दोन्ही कप एकाच दिशेने निघत नाहीत

‘सायकलचा बी.बी. सेट घरीच बदला, फक्त १५ मिनिटांत’ हा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. बी.बी. म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचे दांडे (क्रँक) ज्या आडव्या एक्सलवर बसतात तो फिरवणारा फ्रेममधला भाग. पुतणीने तो मला पाठवून विचारलं, ‘काका, असंच खोलू का?’ तिची सायकल रोज पांदणीच्या गाऱ्यातून शाळेत जाते, बी.बी. कुरकुरणारच. पण मेसेजप्रमाणे खोलली तर सायकल भंगारात घालावी लागेल.

मेसेज म्हणतो: दोन्ही कप (एक्सलला दोन्हीकडून धरणाऱ्या, आट्यांवर बसणाऱ्या वाट्या) घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, न निघाल्यास छन्नी लावून ठोका. कॉटर पिन (क्रँक एक्सलला पक्की धरणारी खीळ) हातोडीने हाणून काढा. छर्रे (कपातल्या पोलादी गोळ्या) मावतील तेवढे भरा. ग्रीस नसेल तर गाडीचं जळकं ऑइल चालतं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. आपल्याकडच्या सायकलींना चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. त्या बाजूला उभं राहून घड्याळाच्या दिशेने फिरवला तरच तो सैल होतो. उलट फिरवला की आणखी आवळतो, माणूस वैतागतो आणि मग छन्नी हातात येते. आटे इंचाला २४, म्हणजे एकेक आटा जेमतेम १ मिमीचा. छन्नीच्या दणक्यांनी कपाची कड तुटते, नाहीतर शेलमधले, म्हणजे कप ज्या नळीत बसतात तिच्यातले, आटे मरतात. कप बाजारात मिळतो. शेल हा फ्रेमचाच भाग, तो सुटा मिळत नाही.

उलटे आटे कोणी उगाच पाडलेले नाहीत. पायडल मारताना छर्ऱ्यांच्या दाबाने कप एक्सलच्या उलट दिशेला कणाकणाने सरकतो. चेनच्या बाजूला सरळ आटे असते तर तो चालता चालता सुटला असता. शेल्डन ब्राउन या अमेरिकन मेकॅनिकने हे सगळं नीट लिहून ठेवलंय. इटालियन मापाच्या फ्रेमना दोन्हीकडे सरळ आटे असतात आणि त्यांचा उजवा कप सैल होण्याची तक्रार जुनी आहे, हेही त्यानेच सांगितलंय. म्हणजे मेसेज इटालियन सायकलपुरता खरा. आपल्या तालुक्यात ती कोणाकडे आहे?

मुळात चेनकडचा कप काढायची गरजच क्वचित पडते. डावा कप आणि एक्सल काढा, आत रॉकेलचं फडकं फिरवा आणि कपात छर्रे ज्या खाचेत फिरतात ती बॅटरीच्या उजेडात तपासा. ती चकचकीत असेल तर कप तिथेच राहू द्या. खड्डे दिसले तरच काढा, आणि पाना घसरत असेल तर जाड बोल्ट कपाच्या भोकातून आतून बाहेर घाला, दोन्हीकडे वॉशर लावा, डोकं धरून बाहेरून नट करकचून आवळा. मग त्याच दिशेने जोर लावत राहा. नट आवळण्याची आणि कप सुटण्याची दिशा एकच, त्यामुळे कपच फिरतो. डाव्या बाजूचं मात्र मेसेजने बरोबर सांगितलंय, फक्त आधी लॉक रिंग (डावा कप जागेवर आवळून धरणारी बाहेरची कडी) सोडायची हे सांगायचं राहिलं.

कॉटर पिनला हातोडी लागतेच, हे मान्य. पण क्रँकखाली आधार न देता हाणलं तर दणका छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खळगे पडतात. लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा करून क्रँक त्यावर टेकवा, पिन पाइपच्या पोकळीत उतरेल अशी. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी समपातळीत ठेवा, म्हणजे आटे चेपत नाहीत. जड हातोडीचा एकच नेमका घाव घाला. पिन हलली की नट काढून ती बाहेर घ्या.

छर्रे दर बाजूला ११, माप १/४ इंच. बारावा कोंबला तर ते एकमेकांवर घासून अडकतात. जुन्यात नवे मिसळू नका, सगळे बदला. एक्सल घ्यायला जाताना जुना सोबत न्या. बसवताना लांब बाजू चेनकडे ठेवा, नाहीतर चेनव्हील फ्रेमला घासतं.

ऑइलचं अर्धं खरं आहे. जुन्या काळ्या सायकलींच्या शेलला तेल सोडायला भोक असायचं, पण त्यात स्वच्छ तेल जायचं, तेही वारंवार. जळक्या ऑइलमध्ये धातूचा कीस असतो आणि ते चार दिवसांत गळून जातं. मग पावसाळ्यात चिखलपाणी थेट आत. साधं लिथियम ग्रीस दोन्ही कपांत भरपूर भरा, छर्रे त्यातच चिकटून बसतात.

डावा कप हाताने टेकेपर्यंत फिरवा, क्रँक डावी-उजवी हलली नाही पाहिजे आणि फिरताना अडलीही नाही पाहिजे. लॉक रिंग आवळताना कप धरून ठेवा, तो हमखास सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासा. दोन्ही कॉटर पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. पिन आधी ठोकून बसवायची, नट नंतर आवळायचा. नटाने पिन ओढायला गेलात तर तिचे आटे तुटतात. २०-३० किलोमीटर चालवल्यावर पिना पुन्हा ठोकून नट आवळा.