‘तान्ह्या पोळ्याचा नंदी रंगवा’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. परत एकदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी ओळखीचा मस्करी करतोय. उत्तर खाली लिहायला बसलो तर एवढं लांबलं की म्हटलं वेगळंच टाकू.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर छोट्या मूर्तींच्या फौजा लढवायचा वॉरहॅमर नावाचा खेळ आहे, त्या मूर्ती, म्हणजे मिनिएचर्स, आम्ही स्वतः रंगवतो. मागे मी त्यातल्या ऑर्क (सुळेवाला राक्षस) घोडेस्वाराचे फोटो टाकले होते. माणसांच्या फौजेतला प्लास्टिकचा सरदार घेतला, त्याचं मुंडकं कापून ऑर्कचं बसवलं आणि पाठीवर एम-सीलचा झगा चढवला. त्यावर भाऊंचं म्हणणं असं, की झगा गोधडीएवढा जाड झालाय, असलं काम ग्रीन स्टफने, म्हणजे मूर्ती घडवायच्या खास पुटीने, करायचं असतं, चेहऱ्यावर रंगाचे इतके थर चढलेत की दात बुजले, आणि फोटो पिवळे आलेत. शेवटी हे वाक्य: "दुसऱ्याने घडवलेली मूर्ती कापून विद्रूप करण्यापेक्षा तान्ह्या पोळ्याचा नंदी रंगवा, तेवढंच झेपेल." (तान्हा पोळा म्हणजे आमच्याकडचा पोरांचा पोळा, त्यात पोरं लाकडी नंदी मिरवतात.)

फोटो पिवळे आलेत, मान्य. ट्यूबलाइट गेली होती, बल्बखाली काढले, पुढचे गच्चीवर काढीन. झालं?

आता ते नंदीचं. टीका करा ना, मी कुठे नाही म्हणतो, इथे कितीतरी जणांनी माझ्या चुका काढल्या आहेत आणि मी त्यांना धन्यवादच दिलेत, पण ते लोक नावानिशी लिहितात आणि आधी दोन शब्द सरळ बोलतात. तुम्ही नाव नाही, गाव नाही, थेट माणसाची लायकी काढून मोकळे. काऊन बाप्पा, मी तुमचं काय घोडं मारलं?

आणि नंदीच काढायचा होता तर चुकीच्या घरासमोर काढलात. माझे आजोबा सुतार, नागपूरच्या इतवारीत काम करायचे. पोळा जवळ आला की घरभर भुसा, भिंतीला टेकवून ठेवलेले नंदीच नंदी, आणि आम्ही सगळी चुलत भावंडं पॉलिश पेपर घेऊन बसलेली. आजोबा कोरायचे, आम्ही घासायचो, मग ऑइल पेंट. डोळे मात्र ते कोणाला काढू द्यायचे नाहीत. मला ते काम फार उशिरा मिळालं, तेही धाकधुकीनं, कारण ब्रशला रंग जरा जास्त लागला की काळा ओघळ सरळ नाकापर्यंत यायचा आणि मग तो नंदी रडका दिसायचा. पोरं नंदी घेऊन घरोघरी बोजारा (पोरांना द्यायचे पैसे-खाऊ) मागायला गेली की दारातल्या बाया आधी नंदीच्या तोंडाकडेच बघतात, पायांच्या चाकांकडे नाही. तेव्हा नंदी रंगवणं म्हणजे ज्याला दुसरं काही जमत नाही त्याचं काम, हे तुम्ही कुठून शोधून आणलं?

बरं, कापाकापीचं म्हणाल तर तीसुद्धा मी तिथंच शिकलो. एका गिऱ्हाइकाचा नंदी शिंग मोडून परत आला होता. आजोबांनी दुसऱ्या जुन्या नंदीचं शिंग कापलं, दोन्हीकडे बारीक भोक पाडलं, आत डोकं छाटलेला खिळा घातला, सरस लावून दाबून बसवलं, वरून रंगाचा हात दिला आणि सांधा दिसेनासा झाला. त्या ऑर्कचं मुंडकं मी कसं बसवलं माहिती आहे? मानेत पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) भोक, धडात भोक, मध्ये तांब्याची बारीक तार आणि गोंद. खिळ्याच्या जागी तार आली, एवढाच काय तो फरक. आजोबांनी त्या दुसऱ्या नंदीला विद्रूप केलं असं म्हणायचं का मग?

गणपतीच्या आधी महालातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, एक चक्कर मारा. साच्यातून निघालेल्या मूर्ती सगळ्या सारख्या असतात. मग कोणी म्हणतं फेटा पाहिजे, कोणाला हातात वीणा पाहिजे, की कारागीर हात काढून दुसरा लावतो, सांध्यावरून ओलं बोट फिरवतो आणि पुढं जातो. शेवटी डोळ्यांची आखणी करतो. जाऊन सांगा त्यांना, की तुम्ही दुसऱ्याच्या साच्यातली मूर्ती बिघडवताय. मला कळवा काय उत्तर मिळालं ते.

आमचा हा खेळच अशा कापाकापीतून वाढलाय हो. गेम्स वर्कशॉप ही १९७५ची ब्रिटिश कंपनी, वॉरहॅमर आला १९८३मध्ये, अंतराळातलं त्याचं भावंड, वॉरहॅमर ४०,०००, १९८७मध्ये. त्या सुरुवातीच्या दिवसांत डिओडरंटच्या रिकाम्या डबीतून हवेत तरंगणारा रणगाडा कसा बनवायचा हे कंपनीच्याच मासिकात छापून आलं होतं! १९८७पासून त्यांची गोल्डन डेमन ही मूर्ती रंगवायची स्पर्धा चालत आलीय, तिथं कापून-जोडून केलेल्या मिनिएचर्सना बक्षिसं मिळतात. आणि पाकीट फोडून बघा कधी, सुटे भाग जोडून येतात त्या एकेका फ्रेमवर धडांपेक्षा डोकी जास्त असतात. ती उरलेली डोकी काय फोडणीला टाकायची? ज्याने मूळ मूर्ती घडवली त्याचं काही म्हणणं नाही, आणि तुम्हाला त्याचा पुळका.

राहिला एम-सील. ग्रीन स्टफ बाहेरून मागवावं लागतं, पैसे पडतात, वाट बघावी लागते. एम-सील कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. विषय संपला.

रंगाच्या थरांबद्दल मात्र थोडं बोलतो, कारण इथं तुम्ही नागपूरचे आहात की नाही याचीच मला शंका येते. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेलेला असताना ॲक्रिलिक रंग मिनिएचरपर्यंत पोचायच्या आत ब्रशवरच वाळतो. स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) दुपारी मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि मूर्तीवर नुसती भुकटी बसते, बोट फिरवलं की खरखरीत. म्हणून मी सकाळी सहाला गच्चीवर जाऊन मारतो, शेजारचे काय म्हणायचं ते म्हणतात. रंगवताना कूलर बंद, कारण वारं लागलं की रंग अजून लवकर ओढतो. टिफिनच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, आणि घाम कोपरापर्यंत. २८ मिलिमीटरच्या मूर्तीची बुबुळं अशा खोलीत बसून काढायची असतात. हे सगळं करून दोन दात बुजले असतील तर बुजले, ऑर्क आहे तो, दातांच्या डॉक्टरकडे थोडीच जाणार आहे.

तुम्ही रंगवलेलं काही असेल तर पाठवा, मी मनापासून बघीन आणि झगा कितीही पातळ असला तरी लायकी काढणार नाही. नसेल तर राहू द्या. माझा झगा मी बदलत नाही. त्याच फौजेतले उरलेले घोडेस्वार आता करायला घेतलेत, तेही एम-सीलनेच, ऑर्कच्या डोक्यांची एक पिशवी अजून शिल्लक आहे. फोटो टाकीन. पुढची कमेंट नावानिशी आली तरच उत्तर देईन.