गूळ खाऊन ॲस्बेस्टॉस निघत नाही

आमच्या भांडुपच्या सोसायटीत गच्चीवरची जुनी पत्र्याची शेड काढायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी ग्रुपवर विचारलं, "पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत, खाली पोरं खेळतात, नीट काढणार आहेत ना?" ॲस्बेस्टॉस म्हणजे धाग्याधाग्याचं खनिज, ते सिमेंटमध्ये मिसळून हे पत्रे बनतात. प्रश्न साधा होता. पाचच मिनिटांत बी विंगमधल्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला. तोच मेसेज मला नंतर माहेरच्या ग्रुपवर आला आणि जुन्या शाळकरी मैत्रिणींच्या ग्रुपवरही आला. इमोजी वगळून मजकूर असा होता:

"ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर म्हणजे फुप्फुसाचाच कॅन्सर, परदेशी डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलंय. विडी-सिगारेट न ओढणाऱ्याला तो होत नाही. आपल्याकडचा पांढरा ॲस्बेस्टॉस निर्धोक, विषारी तो निळा. काम सोडून दहा वर्षं झाली असतील तर धोका संपला. धुळीत काम करणाऱ्याने रोज गुळाचा खडा खावा, धूळ बाहेर पडते. घाबरू नका, पुढे पाठवा."

मी परळच्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली. डॉक्टर नाही, टेक्निशियन. पेशंटच्या शरीरातला तुकडा मेणात बसवलेला असतो, त्याचे पातळ काप काढायचे आणि स्लाइड रंगवायच्या, हे माझं काम. त्यामुळे काकांशी ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा एकदाच बसून सगळं लिहून काढते.

"फुप्फुसाचाच कॅन्सर, मोठं नाव दिलेला."

मोठं नाव म्हणजे मेसोथेलिओमा. फुप्फुसाचा कॅन्सर फुप्फुसाच्या आत, श्वासनळ्यांच्या अस्तरात किंवा हवेच्या पिशव्यांच्या आसपास सुरू होतो. मेसोथेलिओमा सुरू होतो फुप्फुसाला बाहेरून गुंडाळणाऱ्या पातळ दुहेरी पडद्यात. असाच पडदा पोटातल्या आतड्यांभोवती असतो आणि हृदयाभोवतीही असतो. पोटाच्या पडद्याचा मेसोथेलिओमा झालेले पेशंट असतात, त्यांच्या फुप्फुसात काहीही नसतं. फॉरवर्डवाल्यांनी त्यांना कुठल्या रांगेत उभं करायचं ते सांगावं.

वाढायची रीतही वेगळी. फुप्फुसाच्या कॅन्सरची बहुतेक वेळा गाठ होते आणि सीटी स्कॅनवर ती एका जागी दिसते. मेसोथेलिओमा भिंतीला गिलावा करावा तसा पडद्यावरून पसरत जातो आणि फुप्फुसाला चहूबाजूंनी आवळतो. पेशंटला धाप लागते, एका बाजूला छातीत बोचतं, आणि छातीत पाणी होतं. आपण सर्रास "फुप्फुसात पाणी झालं" म्हणतो, पण पाणी साचतं ते या दोन पडद्यांच्या मध्ये.

आणि इथूनच मुंबईत घोळ सुरू होतो. छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्त आहे, कारण बहुतेकदा टीबीच निघतो. म्हणून कित्येक जणांना आधी टीबीच्या गोळ्या लागतात. पाणी काढलं की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा भरतं. आमच्याकडे ते पाणी बाटलीतून यायचं, कधी पिवळसर, कधी चहासारखं तांबूस. ते यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेल्या पेशी स्लाइडवर घ्यायच्या. पण मेसोथेलिओमाचं निदान नुसत्या पाण्यावर पक्कं होणं कठीण, कारण सुजेने डिवचलेल्या साध्या पेशीही तशाच दिसतात. शेवटी दुर्बीण घालून पडद्याचा तुकडा घ्यावा लागतो.

तुकडा आला तरी काम संपत नाही. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात मेसोथेलिओमा आणि ॲडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार सख्ख्या बहिणींसारखे दिसू शकतात. मग आम्ही मार्कर, म्हणजे ठरावीक पेशींनाच रंग चढवणारी रसायनं, लावायचो. कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ या मार्करांवर पेशी तपकिरी झाल्या तर कौल मेसोथेलिओमाकडे. टीटीएफ-१ वर केंद्रकं तपकिरी झाली तर फुप्फुसाकडे. एकावर कधी भरवसा ठेवायचा नाही, दोन्ही बाजूंचे कमीत कमी दोन-दोन लावायचे. एकदा मी घाईत एक कमी लावला होता, तेव्हा आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी स्लाइडचा ट्रे उचलून परत माझ्या टेबलावर ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. तेवढ्याने कळलं.

एवढा खटाटोप नावासाठी नसतो, पुढचं औषध त्यावर ठरतं. फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात ईजीएफआरसारख्या जीनमधला बदल शोधतात. आपल्याकडच्या पेशंटमध्ये तो युरोपातल्यांपेक्षा जास्त सापडतो, आणि सापडला तर रोजच्या गोळीवर उपचार होऊ शकतात. मेसोथेलिओमासाठी तशी गोळी नाही. तिथे २००४ पासून पेमेट्रेक्सेड आणि सिसप्लॅटिन ही केमोची जोडी वापरतात, २०२० पासून इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांची, एक जोडीही मिळाली, आणि ऑपरेशन मोजक्यांनाच जमतं. आजार वाईट आहे, बरेच पेशंट निदानानंतर वर्ष-दीड वर्ष काढतात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण "घाबरू नका, पुढे पाठवा" हेही काही बरं नव्हे.

आता काकांच्या बाजूने एक गोष्ट. ॲस्बेस्टॉसमुळे साधा फुप्फुसाचा कॅन्सरही होतो. जगाचा अंदाज पाहिला तर ॲस्बेस्टॉसने मेसोथेलिओमापेक्षा फुप्फुसाच्याच कॅन्सरने जास्त माणसं जातात. स्वरयंत्राचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सरही त्या यादीत आहे. शिवाय ॲस्बेस्टोसिस नावाचा एक आजार आहे, तो कॅन्सर नाही. त्यात फुप्फुस आतून जून होऊन आखडतं. म्हणजे एका धुळीचे अनेक आजार आहेत, आणि फॉरवर्डने त्यांचा एकच काला केलाय.

"विडी न ओढणाऱ्याला होत नाही."

मेसोथेलिओमाचा विडीशी संबंध नाही. ओढणारा आणि न ओढणारा, दोघांना धोका सारखाच, ठरतं ते धूळ किती आणि किती वर्षं खाल्ली यावर. फुप्फुसाच्या कॅन्सरचं मात्र उलट आहे, तिथे विडी आणि ॲस्बेस्टॉस एकमेकांना हात देतात. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचा हॅमंड, सेलिकॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. धूळही नाही आणि सिगारेटही नाही अशा माणसाचा धोका १ धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसचा साधारण ५, नुसत्या सिगारेटचा ११ आणि दोन्ही असणाऱ्याचा ५३. बेरीज सोळा होते, प्रत्यक्षात झाला जवळजवळ गुणाकार. म्हणून धुळीत काम केलेल्याने आजही विडी सोडली तर फायदा आहे, पण तो फुप्फुसाच्या कॅन्सरपुरता.

माझा या मुद्द्यावर जास्त राग आहे, कारण याच समजुतीने फॉर्म भरले जातात. तुकड्याबरोबर आमच्याकडे जो कागद यायचा त्यावर "विडी/तंबाखू" समोर हमखास काहीतरी लिहिलेलं असायचं आणि "व्यवसाय" समोर "रिटायर्ड". बाई असेल तर "गृहिणी". अशाच एका गृहिणीच्या तुकड्यावर कॅलरेटिनिन लख्ख तपकिरी आलं. मॅडमनी वॉर्डात फोन करून विचारायला लावलं, तेव्हा कळलं की नवरा घाटकोपरकडे ॲस्बेस्टॉसच्या ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होता आणि ही बाई पंचवीस वर्षं त्याचे कपडे झटकून, मग भिजवून धूत होती. "पांढरे व्हायचे हो, पीठ सांडल्यासारखे," असं म्हणाली म्हणे. हे काही नवं नाही. १९६५ साली लंडनमधल्या पाहणीत मेसोथेलिओमाच्या पेशंटांमध्ये असे लोक सापडले होते, ज्यांनी स्वतः कधी कारखाना पाहिला नव्हता, फक्त घरातलं माणूस तिथे कामाला होतं.

तेव्हा घरातल्या कुणाच्या छातीत वारंवार पाणी होत असेल तर डॉक्टरांना "रिटायर्ड" सांगू नका. कुठल्या खात्यात होते, बॉयलरवर होते का, पाइपांना गुंडाळायची पांढरी दोरी हाताळली का, पत्रे कापले का, जहाज तोडायला गेले का, आणि घरी कोण कामाहून धुळीने माखून यायचं, ते सगळं सांगा. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजारांची यादी आहे, त्यात ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमाही आहे. पण कागदावर "रिटायर्ड" असेल तर यादी काय कामाची?

"पांढरा निर्धोक, निळा विषारी."

यात एक चिमूट खरं आहे. निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस मेसोथेलिओमाच्या बाबतीत पांढऱ्यापेक्षा जास्त घातक आहे. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ज्या ३३ पेशंटांवरून हा आजार जगासमोर मांडला, त्यातले बहुतेक निळ्याच्या खाणींच्या मुलखातले होते. पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरते. पांढरा त्यात आलाच. आणि आपले पत्रे बनतात ते बाहेरून आणलेल्या पांढऱ्याचेच.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ॲस्बेस्टॉस नावाचं गावच होतं, पांढऱ्याच्या प्रचंड खाणीवर वसलेलं. वर्षानुवर्षं तिथला माल जगभर गेला, आपल्याकडेही आला. २०१८ मध्ये कॅनडाने स्वतःच बंदी घातली आणि २०२० मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून गावाचं नाव बदललं. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना ते नाव नकोसं झालं. आपण मात्र मेसेज फिरवतोय.

"दहा वर्षं झाली, धोका संपला."

मेसोथेलिओमा धुळीनंतर साधारण वीस ते पन्नास वर्षांनी वर येतो. दहा वर्षं म्हणजे त्याची झोपही मोडलेली नसते. ॲस्बेस्टॉसचा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक आणि लांबट असतो. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण तो त्यांच्यात मावत नाही, त्याच जखमी होतात, आणि ती सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते.

गिरणगावाचा हिशेब यावरून मांडून बघा. १९८२ च्या संपात जो माणूस पस्तिशीचा होता आणि त्याआधी बॉयलरवर लॅगिंगचं, म्हणजे उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉस गुंडाळायचं, काम करत होता, त्याची चाळीस वर्षं २०२२ मध्ये भरली. माटुंगा आणि परळच्या रेल्वे वर्कशॉपमधले जुने फिटर आणि रे रोडजवळच्या दारूखाना भागात जहाजं तोडणारे याच वयाच्या आसपासचे. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातली नंतर संपेल ती मुदत, जपायला सांगितलं ते यासाठीच. गिरण्यांच्या जागी मॉल झाले, नोंदी कुठे गेल्या ते विचारायची सोय नाही. म्हणून घरच्या ट्रंकेतलं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची कागदं, गेटपास असलं काहीही रद्दीत घालू नका.

"गुळाचा खडा."

हा मुद्दा मला मनापासून आवडतो, कारण माझ्या वडिलांनाही खात्यात गूळ मिळायचा आणि त्यातला अर्धा खिशातून आमच्यासाठी यायचा. गुळाची बाजू घेणाऱ्यांच्या हाती एक प्रयोगही आहे. लखनौच्या संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांना गूळ देऊन पाहिला, तेव्हा फुप्फुसातून धुळीचे कण जास्त हलताना दिसले. पण ती धूळ कोळशाची आणि सिलिकाची होती, आणि फुप्फुसं उंदरांची. पडद्यापर्यंत जाऊन रुतलेला ॲस्बेस्टॉसचा धागा गुळाने माणसाच्या छातीतून निघाल्याचं कुणी दाखवलेलं नाही. गूळ गोड आहे, खा. फक्त मालकाने मास्क आणि पाण्याच्या फवाऱ्याऐवजी गूळ वाटला तर ती फसवणूक समजा.

राहता राहिले आपले गच्चीवरचे पत्रे. सूनबाई, घाबरायचं कारण नाही. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतो आणि सिमेंटने धरून ठेवलेला असतो. अखंड पत्रा छपरावर असेपर्यंत त्यातून फारसं काही उडत नाही. धूळ होते ती कापताना, भोक पाडताना, हातोड्याने फोडताना, आणि पावसाने पोपडे सुटलेला जुना पत्रा खरवडताना. पत्र्याखाली राहणारा प्रत्येक जण आजारी पडणार, असा उलटा फॉरवर्डही फिरतो, तोही तितकाच बिनबुडाचा आहे.

पण शनिवारी कंत्राटदाराची दोन पोरं आली ती तोंडाला रुमाल बांधून, हातात घण घेऊन. एकाला विचारलं, वय बावीस. "मॅडम, असेच फोडून खाली टाकतो, रोजचं काम आहे." मी काम थांबवलं. सेक्रेटरींना सांगितलं ते असं: पत्रे आधी पाइपने चिंब भिजवा, बोल्ट काढून अखंड उतरवा, खाली फेकू नका, पडलेले तुकडे ओल्या फडक्याने गोळा करून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा, झाडू मारू नका, डेब्रिसच्या ढिगात टाकू नका, आणि पोरांना घट्ट बसणारे फिल्टरवाले मास्क द्या, रुमालाने ही धूळ अडत नाही.

काकांनी अंगठा दाखवला. पत्रे अजून वरच आहेत. भिजवायचं पाणी ए विंगच्या टाकीतलं घ्यायचं की बी विंगच्या, यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे.