लपवायला काही नाही, तरीही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘ज्याच्या मनात खोट नाही त्याने सरकारला माहिती द्यायला का घाबरावं? माहिती गोळा केली म्हणूनच बोगस लाभार्थी सापडले,’ असं तुम्ही लिहिलंत. बोगस लाभार्थ्यांचं मला पूर्ण मान्य आहे. गरिबाच्या नावावरचं रेशन दुसऱ्याने उचललं तर ती चोरीच, आणि ती पकडायला माहिती लागणारच.

माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. एका कामासाठी घेतलेली माहिती आपल्याला न विचारता दुसऱ्याच कामाला लावली जाते.

वाहनांचंच घ्या. गाडी घेतली की आरटीओत नाव, पत्ता, इंजिन नंबर, चासी नंबर द्यावेच लागतात. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहननोंदणीची माहिती घाऊक विकायचं धोरण काढलं. खासगी कंपनीला वर्षाला ३ कोटी रुपये, शिक्षणसंस्थेला ५ लाख. त्याच जुलैत नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं, की ‘वाहन’ (गाड्यांची नोंदणी) आणि ‘सारथी’ (चालक परवाने) या सरकारी नोंदींमधली माहिती ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना दिली आणि ६५ कोटी रुपये मिळाले. २०२० मध्ये ते धोरण गुंडाळलं. पण दिलेली माहिती परत कशी घेणार?

बाबा गेल्यावरही त्यांचा मोबाइल आम्ही चालू ठेवला होता. आठ महिन्यांनी एका दुपारी त्यावर फोन आला. पलीकडच्या मुलाने बाबांचं पूर्ण नाव घेतलं, स्कूटरचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला, विमा कधी संपतो तेही सांगितलं. आई शेजारी मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. “ह्याला कुणी सांगितलं?” तो फोन त्या विक्रीतूनच आला असं मी म्हणत नाही. पण तिचा प्रश्न घेऊन जायला कुठेतरी एक खिडकी हवी ना?

आणि लपवण्याबद्दल म्हणाल, तर के. एस. पुट्टस्वामी हे उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आधारविरुद्ध ते २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ८६ वर्षांचे होते. त्यांना काय लपवायचं होतं? त्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी न्यायालयाने सरकारी लाभांसाठी आधार ग्राह्य धरलं, बँक खातं आणि सिमकार्डाची सक्ती मात्र काढली. म्हणजे तुमचं रेशन आणि माझी हरकत, दोन्ही एकाच निकालात बसतात.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कलम १७ ने पुन्हा वाट ठेवलीच. सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांनी केंद्र अधिसूचना काढून हव्या त्या सरकारी यंत्रणेला कायद्यातून वगळू शकतं. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरायची, हे बंधन सरकारवरही असावं, एवढंच मी मागतोय. यात तुम्हाला काय खटकतं ते जरूर लिहा.