मानेसाठी काहीतरी मागवायच्या आधी हे वाचा

ऑनलाइन सेल लागला की मला हमखास मेसेज येतात, ताई ती मानेची मशीन घेऊ का गं? मी डॉक्टर नाही, फिजिओ पण नाही, अकाउंट्सवाली आहे, दिवसभर एक्सेल आणि जीएसटी. त्यामुळे मानदुखीशी जुनी ओळख आहे आणि त्या विषयावर मी ऑफिसात आणि सोसायटीत इतकी बडबड केलीये की लोकांना वाटतं हिलाच विचारावं. तर माझं मत एकदाच इथे लिहून टाकते. ज्या वस्तूला मोटर आहे तिच्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

घेताना एकच बघा, ती वस्तू मानेला नेमकं करते काय? शेकते, दाबते, थरथरवते, ओढते की नुसती धरून ठेवते? जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, तिथे फक्त डोळे मिटून हसणारी एक बाई असते. शेकणं आणि हलकं दाबणं घरी बिनधास्त करा, ओढणं आपल्या मनाने अजिबात नाही, आणि बाकीचं माणूस बघून.

आता शेक. रात्री वेडंवाकडं झोपून सकाळी मान धरलेली असते ना, त्याला शेकासारखं दुसरं काही नाही. आमच्याकडे मान धरली की उशी उन्हात ठेवायची पद्धत होती, अजूनही आई फोनवर तेच सांगते. त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण अशी मान दोन-चार दिवसांत आपोआप सुटतेच, त्यामुळे क्रेडिट उशीला जातं आणि उशीला ऊन मिळतं, होऊ दे. शेकायला साधी रबरी हॉट बॅग, मेडिकलमध्ये दोन-तीनशेला मिळते ती, बेस्ट. फक्त उकळतं पाणी ओतू नका, आणि गळ्यापर्यंत भरू नका, पाऊण भरली की बास, मग आडवी धरून तोंडाशी पाणी येईपर्यंत हवा काढायची आणि मग बूच लावायचं. हवा राहिली की ती फुग्यासारखी टम्म राहते आणि मानेच्या खळग्यात बसतच नाही. वर पंचा गुंडाळायचा, पंधरा-वीस मिनिटं, झालं.

इलेक्ट्रिकची जेलवाली पण चालते, सोय आहे, पण चार्जिंगला लावलेली असताना मांडीवर घेऊन बसू नका आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपू नका. अजून एक, जे सगळे करतात. आधी झणझणीत बाम चोळायचा आणि वरून गरम पिशवी. कातडी भाजते अशाने. दोन्हीपैकी एक काहीतरी करा. आणि घरात डायबेटिसवालं कोणी असेल तर शेक किती गरम आहे ते दुसऱ्याने हाताने बघून द्यायचं, कारण संवेदना कमी झालेली असेल तर त्यांना चटका बसलेला कळतही नाही.

पुढे उशी, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक दोन-अडीच हजारांचा मसाजर घेतात आणि उशी मात्र लग्नातली. सावरीचा कापूस भरलेली, मधे खड्डा, कडेला गाठी, आणि ती पुरत नाही म्हणून खाली अजून एक! अहो मान रात्रभर तशी मोडून ठेवली तर सकाळी ती भांडणारच ना. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यामधलं अंतर भरून निघेल एवढी जाडी पाहिजे, पाठीवर झोपणाऱ्याला त्याहून बरीच पातळ. मधे खोलगट आणि कडेला उंचवटा असलेली ती सर्व्हायकल पिलो काहींना सूट होते, काहींना अजिबात नाही, म्हणून रिटर्न घेत असतील तरच मागवा. त्याआधी फुकटचा प्रयोग करून बघा. एक पंचा घ्या, लांबीला घट्ट गुंडाळून मनगटाएवढी वळकटी करा आणि ती अभ्र्याच्या आत, उशीच्या खालच्या कडेला सरकवून द्या. डोकं उशीवर आणि वळकटी मानेच्या पोकळीत. जाड वाटली तर पंचा उलगडून एक घडी कमी करायची. कुठल्या महागड्या उशीत ही ॲडजस्टमेंट मिळते सांगा मला.

दाबायला म्हणाल तर गल्लीत पोरं खेळतात ते टेनिस बॉल. दोन बॉल एका मोज्यात घालायचे, गाठ मारायची, जमिनीवर उताणं झोपून कवटी संपून मान सुरू होते तिथे मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बॉल येईल असे ठेवायचे आणि नुसतं पडून राहायचं, मिनिटभर, दोन मिनिटं. घासायचं नाही, जोर लावायचा नाही, डोक्याचं वजन पुरतं. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, खोटं वाटतं पण असतं.

मशीनचं म्हणाल तर ती मसाज गन खांद्याच्या वरच्या मांसल भागावर, सगळ्यात कमी स्पीडला, मिनिटभर ठीक आहे. मानेच्या पुढे, बाजूला नको, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. हाडावर पण नको. गळ्यात अडकवायचा तो करंट देणारा पट्टा काही जणांना बरं वाटायला लावतो, पण पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि हे मशीन नाही पण सांगतेच, सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान धरून कडकन मोडतात ना, ते प्लीज बंद करा, त्यात रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा झालेल्या केसेस आहेत.

दारावर लटकवायचं पाण्याच्या पिशवीचं ट्रॅक्शन, म्हणजे मान ओढून धरणारं साधन, मानेखाली ठेवायचा तो कमानीसारखा स्ट्रेचर, हे फिजिओने तुमची मान बघून सांगितलं तरच. शेजारच्या काकांना फरक पडला हे कारण नाही होऊ शकत. कॉलर, म्हणजे मान धरून ठेवणारा तो पट्टा, डॉक्टरांनी चार दिवस सांगितली तर चारच दिवस, महिनोन्‌महिने घालून फिरलात तर मानेचे स्नायू कामच विसरतात.

आता माझ्या मते मानदुखीचं सगळ्यात भारी उपकरण. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा. हसू नका. लॅपटॉप त्याच्यावर चढवायचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची, आणि कीबोर्ड-माऊस वेगळा घ्यायचा. हा कीबोर्ड मात्र विकत घ्यावाच लागतो, नाहीतर हात वर टांगून टाइप करत बसाल आणि मान सुटून खांदा धरेल. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्पाइन सर्जनने हिशेब मांडला होता, मान 60 अंश पुढे वाकवली की मानेवर 27 किलोइतका भार येतो. कॉम्प्युटर मॉडेलवरचं गणित आहे, कुणाच्या मानेत काटा घालून मोजलेलं नाही, पण लोकलमध्ये समोरच्या बाकावरचे सगळे मोबाइलमध्ये माना घातलेले बघितले की पटतं. दिवसभर मान तशीच आणि रात्री वीस मिनिटं मसाजर, यात कोण जिंकणार?

आणि काही वेळा घरात काहीच करत बसायचं नाही. दुखणं हातात उतरतंय, बोटांना मुंग्या, हातातून कप सुटतोय, चालताना तोल जातोय, पडल्यानंतर दुखायला लागलंय, किंवा तापासोबत मान ताठ झालीये, तर सरळ डॉक्टर. मानेबरोबर छाती, जबडा, डावा हात दुखून घाम फुटला तर शेकत बसू नका, ते हार्टचं असू शकतं, तडक हॉस्पिटल. उलट नुसत्या एक्स-रेमध्ये ‘गॅप आलाय’ म्हटलं म्हणून हातपाय गाळू नका. पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेमध्येसुद्धा झीज दिसते.

गावाकडे आई-बाबांना गिफ्ट पाठवायचं असेल तर ते आठ बटणांचं मसाजर नका पाठवू, सूचना इंग्रजीत बारीक अक्षरात असतात आणि मग ते कपाटावर जातं. चांगली हॉट बॅग पाठवा कापडी कव्हरसकट, आणि घरात जुनी असेल तर ती आधी फेकायला सांगा, रबर कडक पडून घडीवर तडे गेले की ती कधी फुटेल सांगता येत नाही.