‘लेकरं कुठंही रुळतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आला आणि लातूरच्या एका ओळखीच्या जोडप्यानं तर तो स्टेटसलाच लावला. दोघांचं काम घरून चालतं, गाडी घेऊन झालीय, दोन लेकरांसह वर्षभर देश फिरायचा बेत आहे. मेसेजचा सारांश असा: लेकरं लवचिक असतात, कुठंही रुळतात. आई-वडील सोबत असले की त्यांना दुसरं काही लागत नाही. मित्र रोज नवे मिळतात. प्रवासात रडारड झालीच तर लक्ष देऊ नका, चार दिवसांत गप्प होतात. शाळेचं नंतर बघता येतं. आणि पुराव्याला दोन दाखले. ऊसतोड कामगारांची, मेंढपाळांची पोरं पिढ्यान्‌पिढ्या फिरतात, त्यांना कुठं डिप्रेशन येतं? ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं आळंदीहून पैठणला चालत गेली, त्यांचं काय बिघडलं?

फिरायला माझी ना नाही. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय हे पुस्तकात दहादा वाचून जेवढं कळत नाही तेवढं तिथं मान वर करून उभं राहिलं की कळतं. पण हा मेसेज वाचून कुणी लेकरांना गाडीत घालणार असेल तर त्यातलं एकेक वाक्य तपासून घ्यायला हवं. मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, धारूर-वडवणीच्या बाजूला शिक्षकी केली आहे. म्हणून मेसेजचा क्रम मोडून आधी उसाचंच बोलतो.

दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पार बेळगावपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोब कोयत्याचा, लेकरू हिशोबात कुठंच नाही, पण ते सोबत असतं. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्या पडतात. पहाटे अंधारातच आई-बाप फडात जातात. रात्री-अपरात्री गाडी भरायला आली तर तेव्हाही उठून जावं लागतं. कोपीत झोपलेलं लेकरू जागं होतं तेव्हा शेजारी कुणी नसतं, किंवा असलीच तर नऊ-दहा वर्षांची बहीण असते, आणि तिच्याही मांडीवर तान्हं भावंड असतं. मेसेजवाल्याच्या मोजमापानं या पोरांचे आई-वडील चोवीस तास ‘सोबत’ आहेत.

डिप्रेशन येत नाही म्हणे. विचारलं कुणी? फडावर समुपदेशक सोडा, कित्येकदा अंगणवाडीसुद्धा हाताशी नसते. आम्हा शिक्षकांना जे दिसायचं ते पट्टा पडल्यानंतर, म्हणजे मार्च-एप्रिलात टोळ्या परतल्या की. दिवाळीपूर्वी खड्या आवाजात कविता म्हणणारं पोरगं दाराजवळच्या कोपऱ्यात बसायचं. येणारी गणितं विसरलेलं. कुणी वहीला हात लावला तरी अंगावर जायचं, किंवा दिवसभर तोंडातून शब्द काढायचं नाही. आणि आता आपण इथं किती दिवस आहोत याचा त्याला भरवसा नसायचा, म्हणून ते कुणाशी फार जवळीकही करायचं नाही. याला रुळणं म्हणायचं असेल तर म्हणा.

बरं, या पोरांना काही होत नसतं तर कारखान्यांजवळ त्यांच्यासाठी साखरशाळा कशाला काढल्या असत्या? हंगामी वसतिगृहं कशाला? गाव सोडून गेलेल्या लेकराला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड कशाला? २०२१ मध्ये सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली, ती कशाला? यातलं किती नीट चाललं हा वेगळा आणि लांबचा विषय आहे. पण सगळ्यात पक्की साक्ष सरकारची नाहीच. जिचं स्वतःचं लहानपण कोपीत गेलं ती आई लेकराला आजीजवळ गावातच ठेवता यावं म्हणून जिवाचं रान करते. आजीला होत नसतं, दिसत नसतं, तरी ठेवते. तिला लेकरू नको झालंय का? तिला माहीत आहे, एवढंच. तिच्या पोटच्या पोराचं उदाहरण देऊन आपल्या सहलीला सर्टिफिकेट घेणं मला तरी बरं वाटत नाही.

मेंढपाळांचं जरा वेगळं आहे, आणि ते मेसेजच्याच विरोधात जातं. मेंढरं घेऊन निघालेला वाडा म्हणजे एकटं कुटुंब नसतं, चार-सहा बिऱ्हाडं बरोबर असतात. म्हणजे लेकरं आपले सवंगडी घेऊनच निघतात. वाटा ठरलेल्या, पाणवठे ठरलेले, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची तेही बहुधा ओळखीचं, आणि पाऊस लागला की माघारी कुठं जायचं तेही ठरलेलं. पाच वर्षांच्या पोरालाही पुढचा मुक्काम साधारण ठाऊक असतो. पुढं कुठं जायचं ते रात्री मोबाइलवर बघून ठरवणाऱ्या कुटुंबाचं आणि वाड्याचं साम्य फक्त चाकांपुरतं आहे. वाड्याला तर तीही नाहीत.

ज्ञानेश्वरांचा दाखला वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली, आई-बापाला गमावलेली चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला आली अशी आपल्याकडची परंपरागत कथा आहे. नेहमीच्या सालांप्रमाणे थोरल्या निवृत्तीचा जन्म १२७३चा आणि धाकट्या मुक्ताईचा १२७९चा, म्हणजे अंतर सहा वर्षांचं. ही वाटचाल नाइलाजाची होती, तिला कौटुंबिक भ्रमंती म्हणायला जीभ कशी रेटते? आणि ‘काही बिघडलं का’ याचं उत्तर परंपरेनंच देऊन ठेवलंय. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि बाहेर उभ्या राहिलेल्या मुक्ताईनं विनवण्या करून त्यांना बाहेर काढलं. ताटीचे अभंग म्हणजे तेच. एवढ्या मोठ्या योग्यालाही दार लावून बसावंसं वाटलं आणि दाराबाहेर कुणीतरी थांबायला लागलं. मेसेजचा सल्ला मुक्ताईनं ऐकला असता तर ‘लक्ष देऊ नका, चार दिवसांत गप्प होतील’ म्हणून ती निघून गेली असती.

आता लवचिकपणा. हा शब्द अगदीच खोटा नाही, त्यामागं अभ्यास आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली निभावून गेली. मेसेज लिहिणारे हा एक तृतीयांश आकडा कवटाळतात. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांना पुढं अभ्यासाच्या, वागण्याच्या किंवा मनाच्या गंभीर अडचणी आल्या, ते सोडून देतात. निभावून गेलेल्या मुलांत वरचेवर आढळलेली गोष्ट म्हणजे लहानपणापासून किमान एका मोठ्या माणसाशी असलेलं घट्ट नातं. आई नसेल तर आजी, मावशी, कुणीही. तेव्हा लवचिकपणा लेकराच्या अंगात हाडासारखा बसवून आलेला नसतो. कुणीतरी रोज वेळ देऊन तो जपलेला असतो.

म्हणजे आई-वडील सोबत असले की झालंच की, असं कुणी म्हणेल. नाही झालं. गाडीतून वर्षभर फिरणाऱ्या आई-बापाचा दिवस डोळ्यांपुढं आणा. एक जण गाडी चालवतोय, दुसरीची मीटिंग आहे आणि रेंज येत नाहीय, पाणी भरायचंय, मुक्कामाची जागा ठरली नाही, त्यावरून दोघांची धुसफूस चाललीय. घरात भांडण झालं तर पोरगं अंगणात जातं, आजीच्या खोलीत जातं, शेजारच्या काकूंकडं जातं. गाडीत ते जाणार कुठं? वर हल्ली कॅमेरा असतो. लेकरू रडत असताना त्याचा व्हिडिओ काढून ‘प्रवासातले खरे क्षण’ म्हणून टाकणारे पालक मी पाहिलेत. त्याबद्दल जास्त लिहिलं तर तोल जाईल.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाळांचं आणि आयांचं निरीक्षण केलं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की लेकरू लांब जाऊन धीटपणे नवं धुंडाळतं ते मागं एक खात्रीचा तळ असतो म्हणून. मधेमधे येऊन ते आई जागेवर आहे ना, हे बघून जातं. घर चाकांवर असेल तर हा तळ मुद्दाम बांधावा लागतो. त्याला पैसे लागत नाहीत, शिस्त लागते. रोजची अंघोळ-जेवण-झोप हा क्रम शक्यतो तोच ठेवायचा. घरून नेलेली गोधडी मळली, फाटली तरी तीच. गाडीतला एक कोपरा किंवा एक पिशवी फक्त त्याची, त्याला विचारल्याशिवाय तिथं हात लावायचा नाही. एका ठिकाणी दोन दिवस राहून पळण्यापेक्षा दोन-तीन आठवडे थांबायचं, म्हणजे किराणावाला ओळखायला लागतो, गल्लीतल्या कुत्र्याचं नाव कळतं. आणि दिवसातला निदान अर्धा तास आई किंवा बाप, फोन बाजूला ठेवून, फक्त त्याचा. उद्या कुठं जायचं ते त्याला आदल्या दिवशी नकाशावर दाखवायचं. सहा-सात वर्षांपुढच्या मुलाला ठरवण्यातही घ्यायचं. भारतानं १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं बारावं कलम हेच सांगतं: मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकून घ्या, वयाप्रमाणे त्याला वजन द्या. विचारायचं तर ‘नाही’ ऐकायची तयारी हवी. ‘मला लडाख नको, मामाच्या गावाला परभणीला जायचंय’ असं पोरगं म्हणालं तर त्यात त्यानं काही चुकीचं मागितलेलं नाही.

रोज नवे मित्र मिळतात, हे चार वर्षांच्या लेकरापुरतं ठीक आहे. वाळूचा ढीग दिसला की त्याचं जमतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते लागू नाही. त्या वयात आई-बापापेक्षा मैत्रिणीला जास्त सांगितलं जातं, आणि ते सांगण्याइतकी ओळख व्हायला महिने जातात. दर पंधरवड्याला नव्या मुलींशी नावापासून सुरुवात करून ती कंटाळते, मग सुरुवात करणंच सोडते. पालकांना वाटतं, पोरगी शांत झाली. अशा मुलीचा गावच्या मैत्रिणीशी आठवड्यातून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन झाला पाहिजे, आणि त्या दिवशी रेंज नसलेल्या घाटात मुक्काम टाकायचा नाही. दोन बिऱ्हाडांनी मिळून काही आठवडे एकत्र फिरणं तर फारच चांगलं. वाड्याकडून उचलायचंच तर हे उचला.

रडण्याकडं लक्ष देऊ नका, हा मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. जिथून निघालो त्या जागेचा निरोपही लेकराला घेऊ द्यावा लागतो. मोत्या कुत्रा, आजीचं अंगण, शाळेतला बाक, हे सुटल्याचं दुःख त्याला होतंच, आणि आई-बाप आनंदात दिसत असले की ते बोलून दाखवायची चोरी होते. मग ते दुसरीकडून बाहेर येतं. अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होते. डॉक्टरांना काही सापडत नाही आणि पोट मात्र रोज दुखतं. रात्री दचकून उठणं, आईचा पदर न सोडणं, आवडत्या खेळाकडंही न बघणं, एवढ्या-तेवढ्यावरून धाकट्याला मारणं. नव्या जागी चार-आठ दिवस असं झालं तर समजू शकतो. दोन आठवड्यांनंतरही कमी होत नसेल तर पुढचा मुक्काम रद्द करून थांबा आणि जाणकाराशी बोला. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, आणि तिथं मराठीत बोलता येतं. आणि अगदीच करमत नाही म्हणत असेल तर परत या. ठरवलेलं वर्ष पुरं केलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

राहता राहिली शाळा. प्रवेशापुरतं मेसेजचं म्हणणं खरं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावं लागतं, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कायद्यानं बाक मिळतो. पण वर्षभरानं त्या बाकावर जाऊन बसणं सोपं नसतं. वर्गात नव्या जोड्या जमलेल्या असतात, चिडवायची नवी नावं पडलेली असतात, आणि याच्याजवळच्या डोंगरदऱ्यांच्या गोष्टी दोन दिवसांनी कुणाला ऐकायच्या नसतात. ऊसतोडीच्या पोरांकडून शिकायचंच असेल तर हे शिका, की परतणं हेही एक स्थलांतरच असतं. निघण्याआधी वर्गशिक्षकांशी बोलून ठेवा. वर्गाला अधूनमधून पत्र किंवा फोटो जाऊ द्या, म्हणजे हजेरीपटावरचं नाव पोरांच्या तोंडात राहतं. आणि परतायचं ते आमच्याकडं शाळा उघडतात त्या जूनच्या मध्याला टेकून नको. मेच्या पहिल्या पंधरवड्यात या. ऊन असतं, मान्य. पण गल्लीतली पोरं सुट्टीमुळं दिवसभर मोकळी असतात, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत महिनाभर त्यांच्यात खेळून होतं.