खालून कोण बघणार, मालक?

मे महिन्यात सांगलीत राहून घाम काढायला पैसे मोजणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याच्या काकांनी उमेदीची सहा वर्षं फिनलंडात काढलेली असतात. आमच्याकडे दुसरं होतं. पहिलं हे काम काढल्यावर मला लागू झालं.

तिकडून परत आल्यावर काकांनी गावभागातल्या आमच्या घराच्या मागच्या न्हाणीघराचा सॉना, म्हणजे घाम काढायची तापती खोली, करून घेतला. "पंचावन्न लाखांचा देश आणि तीस लाखांच्या आसपास सॉना!" हे वाक्य ते आज ८२व्या वर्षीही येणाऱ्याजाणाऱ्याला चहाच्या आधी ऐकवतात. २०२० साली युनेस्कोनं तिथल्या सॉना-संस्कृतीला वारशाच्या यादीत घातलं, तेव्हा पेढे आमच्या गल्लीत वाटले गेले. आईची व्याख्या मात्र साधी: "पाण्याऐवजी माणसं तापवायचा बंब."

सॉनात तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओततात. चर्र होतं आणि वाफेचा झोत अंगावर येतो. पळीभर! २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची ४५ फुटांची खूण मागे टाकून पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि कृष्णामाईनं आमच्या दगडांवर अख्खी नदी ओतली. ती उतरली तेव्हा बाकं पापडासारखी वाकली होती, भिंतीत भरलेल्या काचलोकरीचा लगदा झाला होता आणि हीटरच्या जाळीत कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल अडकली होती. (उजवी अजून मिळालेली नाही.) पुढची काही वर्षं ती खोली अडगळीची झाली. यंदा काकांनी जाहीर केलं, "जायच्या आधी एकदा नीट घाम येऊ दे रे."

मिस्त्री आले. आत डोकावले. "सनमायका मारू, मालक. चकाचक दिसंल."

"आत ऐंशी अंश तापतं. प्लाय नको, सनमायका नको, वॉर्निश नको. वास सुटतो. कोरं लाकूड पाहिजे, बिनगाठीचं. गाठीतून डिंक गळतो."

"कोरं?" मुलीला अंगावर एकही दागिना न घालता बोहल्यावर उभी करायला सांगतोय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दार बाहेर उघडायचं आणि कडी लावायची नाही, यावर तर भांडण व्हायचंच बाकी होतं. आत कुणाला भोवळ आली, तर नुसता धक्का मारून बाहेर पडता यावं म्हणून तसं असतं. "न्हाणीघराला कडी न्हाई? घरात बायामाणसं हाईत की ओ!" शेवटी वहिनींनी स्वतः येऊन सांगितलं, की आम्ही त्या भट्टीत पाऊल टाकणार नाही. तेव्हा कडी गेली.

वायरमननं सहा किलोवॅट ऐकून हिशोब केला. "म्हंजे तीन गिझर. आणि पाणी कुठं तापतंय?"

"पाणी नाही, हवा."

त्यानं मेन स्विचला हात लावून नमस्कार केला आणि जाड वायरची यादी लिहायला बसला.

राहिले दगड. पुतण्यानं हौसेनं घाटावरून पोतंभर गुळगुळीत गोटे आणले. ते परत पाठवले, कारण नदीतल्या गोट्यात पाणी मुरलेलं असतं. तापला की त्या पाण्याची आतल्या आत वाफ होते आणि गोटा फुटतो. फिनलंडात ऑलिव्हिन डायबेस वापरतात. तो आपल्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊ. म्हणून मी सरळ पाटे-वरवंटे घडवणाऱ्या बाईंकडे गेलो आणि वीस किलो ओबडधोबड तुकडे मागितले. "पाटा न्हाई, वरवंटा न्हाई, नुस्ते तुकडे?" बाईंनी तीनदा विचारलं. पैसे घेताना त्यांना संकोच वाटत होता. घेतले मात्र पूर्ण. आईनं त्यातला एक तुकडा उचलून बघितला आणि म्हणाली, "ह्याच्यावर चटणी छान झाली असती."

मिस्त्रींनी काम खरंच देखणं केलं. फक्त बाकांवर वरून पितळी स्क्रूंची रांग मारली, मोत्याच्या माळेसारखी. मी हात जोडले. धातू तापतो, स्क्रू खालून मारा.

"खालून कोण बघणार, मालक?"

दोन दिवस माळ उलटी फिरवण्यात गेले. एक स्क्रू त्यांनी शोभेसाठी ठेवला, हे मला ठाऊक नव्हतं.

चाचणीच्या दिवशी काका पंचा नेसून वरच्या बाकावर विराजमान झाले, खाली मी, आणि फार आग्रहानं बोलावलेले मिस्त्री, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत. काकांनी देवघरातली पळी भरून पाणी ओतलं. चर्र झालं. मिस्त्रींनी डोळे मिटले, "वाऽऽ" म्हटलं आणि ऐसपैस मागे सरकून बसले. नेमके त्या स्क्रूवर.

दार बाहेर उघडणारं होतं आणि कडी नव्हती, म्हणून दार वाचलं. मी मागोमाग धावलो. भर दुपारी, चाळीस अंशांच्या उन्हात, मिस्त्री अंगणात एका हातानं मांडी चोळत उभे होते.

"भाजलं का हो फार?"

"ते ऱ्हाऊ द्या," ते तोंड वर करून म्हणाले, "हितं काय गार वारं सुटलंय!"